मूठभर कोंडा

माझी लेक मला वयनी म्हणते. नवख्या माणसाला याची गंमत वाटते. मुंबईची एक पाहुणी एकदा दिवसभर आमच्या घरी होती. संध्याकाळी निघताना माझा हात धरून म्हणाली, "तुमची नणंद मोठी गुणाची आहे हो." मी म्हटलं, "आहेच." सगळी हकीकत सांगत बसले असते तर तिची मोरा बंदरावरची मुंबईची लाँच चुकली असती.

तशी त्या काळी आईला वयनी म्हणणारी पोरं आमच्या गावात पैशाला पासरी होती. घरात दीर असायचे, ते वयनी म्हणायचे, ते ऐकून पोरंही तेच म्हणायची. त्यांना कुणी शिकवलेलं नसायचं. माझ्या लेकीला मात्र तो शब्द मुद्दाम शिकवला. आई हा शब्द तिने चुकूनही मला लावू नये म्हणून घरातली माणसं तिच्या जिभेवर पहारा देत होती, आणि त्यांच्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

उरणजवळच्या या मिठागराच्या गावात मी लग्न होऊन आले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेन. माहेर आतल्या बाजूचं, भातशेतीचं. चौथीपर्यंत शिकले होते, त्याचं सासरी थोडं कौतुक आणि बाकी टोमणे. कालवणात मीठ जरा जास्त पडलं की सासू म्हणायची, "साळंत मीठ घालाया शिकवलं नाय वाटतं." आणि हे कुठे, तर मिठागरावर पोट असलेल्या घरात! नवरा बोलायला कमी. सकाळी मिठागरावर जायचा, संध्याकाळी पायांना पांढरी खार घेऊन परत यायचा आणि ओट्यावर बसून पाय धुवायचा. त्याच्या मनातलं समजून घ्यायचं तर त्याची पाय धुण्याची तऱ्हा बघावी लागे. राग असला की तांब्या एकदम उपडा करायचा.

माझी आई मी लहान असतानाच गेली होती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच व्हायचं ठरलं. त्याचं मला वाईट वाटत होतं, तरी तयारीचा उत्साह दांडगा होता. जुनी लुगडी धुऊन धुऊन मऊ केली, फाडून दुपटी केली, लंगोट केले. हाताने शिवून दोन झबली केली आणि एकाच्या गळ्याला लाल दोऱ्याची नक्षी घातली. आमच्या भिंतीला भिंत लावून शेजारचं घर होतं. तिथली सून माझ्याहून थोडी मोठी, आणि आवाज असा की ओट्यावर बोलली तर मिठागरावर ऐकू जावं. तिची पोरं एकामागून एक झालेली, सगळी जगलेली आणि सगळी व्रात्य. ते झबलं उलटसुलट करून ती म्हणाली, "ही नक्षी बगाया पोर आपनहून धावत बाहेर येल, बग."

कळा सुरू झाल्या तशी मी ओरडले, "आय गो!" सगळ्या बाळंतिणी तेच ओरडतात, ज्यांच्या आया जिवंत आहेत त्याही आणि ज्यांच्या नाहीत त्याही. शेजारीण माझ्या पाठीशी बसली होती, मला काखेतून धरून. ती लगेच म्हणाली, "ओ! हाय मी." मी पुन्हा ओरडले, तिने पुन्हा ओ दिली. सुईण तिच्यावर खेकसली, "तुझी काय शाळा हाय काय, हजेरी द्याया?" पण ही ओ देतच राहिली. नंतर मी तिला विचारलं, असं का करत होतीस? तर म्हणाली, "अगो, हाक मारली तर कुनीतरी ओ द्याया नको? नायतर ती हाक जाईल कुठं?"

मुलगा झाला. सुईण गावातलीच, म्हातारी, अर्ध्या गावाच्या नाळा तिने कापलेल्या. माझ्या मुलाची नाळ तिने आमच्या घरच्या विळ्याने कापली. विळा चुलीतल्या राखेने घासून घेतला होता, तेवढी स्वच्छता तेव्हा पुष्कळ वाटायची. बाळ गोरं, लांब बोटांचं. सासू त्याला पायांवर घेऊन तेल चोळायची, ऊन पाणी घालायची, ओव्याची धुरी द्यायची, टाळूवर तेल थापायची आणि त्याच्याशी अशा लाडाने बोलायची की ही माझ्याशी रोज भांडणारी बाई ती हीच का, असं मला वाटायचं. मला मेथीचे लाडू, अळिवाची खीर, बाजेखाली शेगडी. मी त्या धुरात पडून नुसती त्याच्याकडे बघत असायची.

नक्षीचं झबलं सटवीची पूजा झाल्यावर घालायचं होतं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत सटवी येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, आणि मर्जी फिरली तर लिहीत नाही, बाळच उचलून नेते, असं आम्ही मानायचो. पूजेच्या आधीच बाळाने अंगावर प्यायचं सोडलं. तोंडच उघडेना. दूध बोटाने लावलं तर ओठांवरून बाहेर. मग अंग ताठ झालं, पाठ मागे वळली आणि कुणी नुसतं शिवलं तरी आचके यायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं सगळं. नवऱ्याने त्याला दुपट्यात गुंडाळून नेलं. परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या दिवशी त्याने पाय धुतलेच नाहीत, तसाच बसून राहिला.

मुलगी झाली तेव्हाही हेच. तीच सुईण, तोच विळा, तसंच तोंड मिटलं. या वेळी मी नवीन काही शिवलं नव्हतं, तेच झबलं काढून ठेवलं होतं. तिला नेल्यावर माझं दूध उतू जात होतं आणि ते आटावं म्हणून सासूने माझी छाती फडक्याने घट्ट आवळून बांधली. बांधताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडाने मात्र ती मला बोलत होती, "आधी शिवतेस, आधी सजवतेस, सटवीला दिसतं सगलं. बोलावनं पाठवल्यासारखं हाय त्ये." मला ते खरं वाटलं होतं. माझ्या लाल दोऱ्यानेच पोरं गेली, असं मी मनाशी धरून बसले.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले.

आता सगळा कारभार सासूने हाती घेतला. फडकं म्हणून फाडायचं नाही. डोहाळे पुरवायचे नाहीत, लागले तरी सांगायचे नाहीत. दिवस गेलेत हा शब्दच घरात काढायचा नाही. कुणी माझ्या पोटाकडे बघितलं की सासू म्हणायची, "वात धरलाय तिला." पुढे पुढे तो वात एवढा वाढला की मला ओणवं होता येईना, तरी सासूचं आपलं वातच. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडून विचारायची, "काय गो, वात लाता मारतो काय?" मी हसायची. हसताना भीती वाटायची आणि लगेच तोंड बंद करायची.

मग एक दिवस सासूने शेजारणीला ओट्यावर बसवून घेतलं आणि ठरवलं ते मला सांगितलं. मूल विकायचं.

ज्यांची पोरं जगत नाहीत ती असं करायची. जन्मल्याबरोबर मूल सुपात घालून उकिरड्याच्या कडेला ठेवायचं. जिची पोरं जगलीत अशा बाईने ते मूठभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. भाताचा कोंडा, कोंबड्यांना घालतात तो. एवढ्या किमतीच्या पोराकडे सटवी कशाला बघेल? आणि बघितलंच तर ते आमचं नसणार, शेजारणीचं असणार, आणि शेजारणीवर सटवीची मर्जी होती हे तर उघड होतं. दुधाचे दात पडायला लागले की तोच कोंडा त्याच हातात परत द्यायचा आणि मूल परत घ्यायचं. तोवर ते मूल शेजारणीचं. त्याने तिलाच आई म्हणायचं.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला वयनी," सासू म्हणाली. शेजारणीचा धाकटा दीर मला वयनी म्हणायचा, म्हणून तो शब्द.

मी हो म्हटलं. एक शब्द तर जाणार होता. मूल जगणार असेल तर त्या वेळी कुणी माझी जीभ मागितली असती तरी मी काढून दिली असती.

त्या वेळेपर्यंत म्हातारी सुईण डोळ्यांनी अधू झाली होती, म्हणून शेजारणीच्या माहेरगावची सुईण आणली. ती तोऱ्याची बाई. सासूने विळा पुढे केला तर तिने हातही लावला नाही. "दुसऱ्या सुईनीचं हत्यार मी धरत नाय," म्हणाली आणि कागदात गुंडाळलेलं उरणच्या बाजारातलं कोरं पातं कनवटीतून काढलं. सासू चुलीपाशी पुटपुटली, मोठी आली हत्यारवाली. मला त्या क्षणी पातं काय नि विळा काय, कशाचंच भान नव्हतं.

मुलगी झाली. मला नीट बघूही दिली नाही. सासूने तिला सुपात घातलं, मागच्या दाराने नेलं, उकिरड्याच्या कडेला ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. बाज दाराजवळच होती, मला सगळं ऐकू येत होतं. शेजारीण सहज वाटेने चालल्यासारखी आली.

"कुनाचा गो ह्यो केर?"

"आमचाच. टाकलाय."

"मना देतेस? काय घेशील?"

"दे काय द्यायचं त्ये."

कोंडा सासूच्या पदरात पडला आणि शेजारीण सूप घेऊन पुढच्या दाराने आमच्या घरात शिरली. माझ्याजवळ येऊन मोठ्याने, म्हणजे सटवीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "वयनी, माझी पोर जरा पाज गो. मना दूध नाय." तिचा तान्हा मुलगा तेव्हा तिच्याच कडेवर होता, लोण्याच्या गोळ्यासारखा, आणि तिच्या दुधाची ख्याती साऱ्या आळीला ठाऊक होती. मला हसू फुटलं. मग पोरीचं तोंड छातीला लागलं आणि रडू फुटलं. "रडू नको, माझी पोर हाय ती," शेजारीण म्हणाली आणि स्वतःच पदराने डोळे पुसायला लागली.

सासूने तो कोंडा माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधला आणि चुलीवरच्या वाशाला टांगला.

ते पहिले दिवस माझ्या आठवणीत भीतीचेच आहेत. पोरगी ओढून प्यायची आणि मी मनात म्हणायची, आता सोडेल, आता तोंड मिटेल. तिची जांभई मला बघवायची नाही. तिच्याशी लाडाने बोलायला बंदी होती, सासू पायांवर घेऊन न्हाऊ घालायची तीही मुकाट्याने, भांडं घासावं तशी. सटवीची पूजा शेजारणीच्या घरी झाली, कारण पोर तिची. दिवेलागणीला पोरीला तिकडे नेलं. आळीतल्या बायका तिथे जमल्या, पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला, मला भिंतीतून सगळ्यांचे आवाज येत होते. इकडे मी बाजेवर एकटी. तिकडे पोरगी रडायला लागली आणि इकडे माझा पान्हा फुटला, चोळी भिजून पोटावर ओघळ आले. सटवीला पत्ता लागू नये म्हणून मी हाक मारायची नव्हती, रडायचं नव्हतं, उठून जायचं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबून बसले. माझं बाळ माझ्या घराबाहेर ठेवून त्याचं नशीब लिहिलं जात होतं आणि मी देवीला मनातून विनवत होते की मला ओळखू नकोस, मी कुणी नाही.

पोर जगली. तिने प्यायचं सोडलं नाही. नाळ पडली, बेंबी सुकली, बाळसं धरलं. दाढ दुखत असली की बाई जशी जपून चावते तशी मी आनंद करत होते.

पोरं पहिल्यांदा आ आ करायला लागतात तेव्हा आया हरखून जातात. आमच्याकडे पोरगी आ करायला लागली की सासू तिचं तोंड भिंतीकडे वळवायची, "आय तिकडं. ही वयनी." मीही म्हणायची, "मी वयनी. म्हण, वयनी." एक दिवस तिने म्हटलं. मी तिला गूळ दिला आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

चालायला लागल्यावर ती धावत सुटायची, "आये, आये," करत, माझ्यावरून पुढे, शेजारणीच्या ओट्याकडे. शेजारीण चांगली होती म्हणूनच मला तिचा जास्त राग यायचा. ती पोरीला उचलून घ्यायची, मुका घ्यायची आणि लगेच माझ्याकडे वळवून सोडायची, "जा, वयनीनं बोंबील भाजलाय, जा." एकदा मी रागाने म्हटलं, "तुझी आहे ना, मग तूच जेवू घाल." तिने पोरीला जेवायला घातलं, तिचं तोंड पुसलं आणि झोपायच्या वेळी आणून माझ्या अंथरुणात ठेवली. जाताना म्हणाली, "दात पडू दे गो. मग बग, तुझं तुला कसं परत देते. वाजत गाजत देईन."

पुढे मला आणखी मूल झालं नाही. सगळं त्या एका चिंधीवर होतं.

पहिला दात पडला तो गोवराच्या उन्हाळ्यात. आळीतली पोरं तापाने फणफणली होती. सासू वाशाकडे बघून म्हणाली, "आता परत घ्याया हरकत नाय." मीच म्हटलं, "एवढा उन्हाळा जाऊ दे." उन्हाळा गेला तर म्हटलं, पावसाळा जाऊ दे, पावसाळ्यात पोरं आजारी पडतात. सासूने मान डोलावली. तीही घाबरतच होती. शेजारीण मात्र भिंतीवरून ओरडली, "काय गो, तुझी पोर मी फुकट पोसू काय?" आणि हसली.

त्याच भादव्यात शेजारणीला ताप आला. साधाच ताप म्हणत होते. उरणच्या डॉक्टरांचं औषध आणलं, काढे झाले, उतारे झाले. मी रोज तिच्या उशाशी बसायची. एकदा मनात आलं की चिंधी काढावी आणि तिच्या हातात ठेवावी. पण आजारी बाईच्या हातून सौदा मोडायचा म्हणजे तिच्या वाट्याचं सगळं पोरीला लागेल, असं वाटून गप्प बसले. आणि ती बरी होईल अशी मला खात्री होती. एवढा आवाज असलेलं माणूस मरतं कसं?

ती गेली. माझी पोरगी तिच्या पोरांच्या रांगेत बसून "आये, आये," म्हणून ऊर फुटेस्तोवर रडत होती. आलेल्या बायका माझ्या पोरीला जवळ घेऊन म्हणत होत्या, "गेली गो तुझी आयस." मी समोर उभी होते. मला माझ्या मैत्रिणीसाठी रडायचं होतं आणि मला धड तेही करता येत नव्हतं.

घरी आल्यावर सासूने वाशाकडे बघितलं आणि म्हणाली, "ज्या हातानं घेतली तो हातच गेला." चिंधी तिने काढली नाही. आता कोंडा देणार कुणाला?

लोक म्हणतील, मग सांगायचं पोरीला, मीच तुझी आई. सांगितलं की. तिला ते ठाऊकच होतं, गावात कोणती गोष्ट लपते? वर्षश्राद्ध झाल्यावर एकदा तिची वेणी घालताना मी म्हटलं, "आता मला आई म्हण." तिने म्हणून बघितलं, "आई." आणि खुदकन हसली. "वयने, मना हसू येतं गो." मीही हसले. वेणी जरा घट्टच ओढली गेली असेल. त्यानंतर मी पुन्हा तिला म्हटलं नाही.

ती मोठी झाली, लग्न झालं. जावई मुंबईला गोदीत कामाला. लग्नात पाया पडताना तिने मला मिठी मारली आणि "वयने, येते," म्हणून रडली. वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारलंच, आई कुठाय मुलीची?

पहिल्या बाळंतपणाला ती लाँचने मोऱ्याला उतरली आणि माहेरी आली. तोवर आमच्याकडे सरकारी दवाखान्यातली नर्सबाई गावोगाव फिरायला लागली होती. तरुण पोरगी, पायात चप्पल, हातात पिशवी. तिने लेकीला तपासलं, माझी दोन मुलं गेल्याचं गावात ऐकलं होतं म्हणून मला विचारलं, "तुमची आधीची मुलं कशाने गेली?" मी सांगितलं. तोंड मिटलं, अंग ताठ झालं. तिने विचारलं, नाळ कशाने कापली होती? मी सांगितलं. ती म्हणाली, "धनुर्वात. विळ्यामुळे. हिच्या वेळी काय वापरलं?" मी म्हटलं, "कोरं पातं." "मग म्हणूनच ही वाचली," ती म्हणाली आणि पिशवी आवरायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी ओट्यावर बसून राहिले. त्या तोऱ्याच्या सुईणीच्या एका हेक्याने माझी पोर वाचली होती. मग कोंडा? मग ती पूजा, तो पदर तोंडात कोंबून काढलेला वेळ, तो गूळ, ते "मी वयनी, म्हण वयनी"? माझ्या लाल दोऱ्याचाही काही दोष नव्हता. दोन पोरं विळ्याने गेली आणि तिसरीला मी उगाचच देऊन टाकलं. मला असा संताप आला की उठून आत गेले. चिंधी वाशावरून ओढून काढायची आणि सासूच्या पुढ्यात आपटायची, एवढंच डोक्यात होतं.

सासू तेव्हा पार वाकली होती, दात गेलेले. ती चुलीपाशी बसून जुनं लुगडं फाडत होती. दुपटी करत होती! जिने मला फडकं फाडू दिलं नव्हतं ती. मला बघून ओशाळली आणि म्हणाली, "आता कुनाला भ्यायचं? सटवीला आपलं घर आठवत पन नसंल." मग हातातल्या दुपट्याकडे बघत म्हणाली, "माझी पन तशीच गेली व्हती गो. तोंड मिटून. मी कुनाला बोलली नाय." एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी चिंधी काढली नाही. तिच्याजवळ बसले आणि लुगड्याचं दुसरं टोक धरलं. धनुर्वाताचं मी तिला कधीच सांगितलं नाही.

तो कोंडा तसाही उरला नव्हता. लेकीच्या बाळंतपणासाठी घर सारवायला काढलं तेव्हा चिंधी हातात घेऊन बघितली. पोरकिड्यांनी खाऊन नुसती भुकटी झाली होती.

कळा सकाळी सुरू झाल्या. नर्सबाईला बोलावून आणलं, तिने पाणी उकळायला लावलं, हत्यारं उकळली. मी लेकीच्या पाठीशी बसले, तिला काखेतून धरून, शेजारीण मला धरून बसली होती तशी. खरं सांगते, मी वाट बघत होते. कळ टिपेला गेली की बाईच्या तोंडून तो शब्द आपोआप येतो. तिथे कुणाचा पहारा चालत नाही, कुणाचा सौदा चालत नाही. ती "आय गो" म्हणणार, म्हणावंच लागणार. ते मला असेल की गेलेल्या शेजारणीला, हे विचारायला मी जाणार नव्हते. मी फक्त ओ देणार होते. एकदा तरी त्या शब्दाला मला ओ द्यायची होती.

कळ आली. तिने माझी मनगटं अशी आवळली की बांगडी वाढली. मान मागे टाकली आणि घसा फाटेल अशी ओरडली, "वयने! वयने गो!"

नर्सबाईने वर बघितलं. "भावजय बाहेर आहे का हिची? तिला आत बोलवा, धीर येईल."

तो शब्द मला मिळाला नाही आणि आता कधीच मिळणार नाही, हे मला तिथे समजलं. डोळ्यांतलं पाणी तिच्या केसांत पडायला लागलं. दुसरी कळ आली. तिने पुन्हा तीच हाक मारली, आणि मान वळवून, घामाने भिजलेल्या डोळ्यांनी मला शोधलं.

"ओ," मी म्हटलं. "हाय मी."